शेक संपल्यावर जे सुरू होतं, ते कुणाच्या खात्यात?

माझ्या मावशीच्या फाईलच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत एक ओळ आहे. मराठीत तिचा अर्थ, 'आजाराचा पुरावा नाही'. ही ओळ २०१६ सालची. घरी पेढे वाटले गेले. त्याच वर्षी दिवाळी सरल्यावर मावशीला शौचावाटे रक्त जायला लागलं. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. सांगायला तिला जवळजवळ अडीच वर्षं लागली.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते. कॅन्सरमधून वाचलेल्या दलित बायकांचं उपचारानंतरचं आयुष्य हा माझा विषय आहे. हाच विषय का, असं मार्गदर्शकांनी विचारलं तेव्हा मी आजवरच्या संशोधनात काय राहून गेलंय वगैरे बोलले होते. खरं उत्तर मावशी होती. हा लेख तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको आन गावाचं तर नकोच नको." म्हणून नावं नाहीत. रुग्णालयांचीही नावं नाहीत, कारण प्रश्न एका रुग्णालयाचा नाही.

मावशी बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जाणारी. लग्नानंतर वीसेक वर्षं तिनं आणि काकांनी कोयता केला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. दोघांतलं एक कमी पडलं की कोयता मोडतो, खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. २०१३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अंगावरून जातं म्हणून ती तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. तिथं पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळाला. आधी कसलीही तपासणी झाली नाही. काढलेली पिशवी प्रयोगशाळेत पाठवली गेली नाही. आठ महिन्यांनी पुन्हा रक्त सुरू झालं. मग मोठ्या शहरातल्या रुग्णालयात कळलं की कॅन्सर आधीपासूनच होता, गर्भाशयाच्या तोंडाचा, आणि पिशवीबरोबर तो पूर्ण निघालेला नव्हता.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची गोष्ट २०१९ मध्ये देशभर गाजली. राज्य सरकारच्या समितीनं ८२,३०९ बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तेव्हा चर्चा झाली ती दवाखान्यांच्या नफ्याची, मुकादमाच्या दडपणाची आणि कमी वयात येणाऱ्या अशक्तपणाची. ती व्हायलाच हवी होती. पण पुढं यांतल्या एखादीला कॅन्सरसाठी शेक घ्यायची वेळ आली, तर आधी झालेल्या त्या शस्त्रक्रियेचा तिच्या आतड्यांवर काय परिणाम होईल, याबद्दल मी तरी एक ओळ वाचली नाही.

तो परिणाम होतो. कसा, ते थोडं सविस्तर सांगते, कारण मावशीला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर पुढे गेलेला असेल तर मुख्य उपचार म्हणजे रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात. साधारण पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, बाहेरून शेक. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा केमो. मग गरजेनुसार आतून शेक. या उपचारानं जीव वाचतात, यात शंका नाही. माझी मावशी आज आहे ती शेकामुळेच. हे वाचून कुणी शेक घ्यायचं टाळलं तर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ होईल.

पण ओटीपोटात जागा कमी असते. गर्भाशयमुखाच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, वर लहान आतड्याची वेटोळी. किरणं कॅन्सरच्या पेशी मारतात तशी त्यांच्या वाटेत येणाऱ्या चांगल्या पेशींनाही इजा करतात. सगळ्यात खोल आणि सावकाश दिसणारी इजा होते ती रक्तवाहिन्यांना. अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, जाड होतं, वाट अरुंद होत जाते, काही वाहिन्या बंद पडतात. आतड्याच्या त्या भागाला पुरेसं रक्त मिळत नाही. तो भाग ताठ, चिवट होतो. शरीर तोड म्हणून नव्या रक्तवाहिन्या तयार करतं, पण त्या वेड्यावाकड्या आणि पातळ भिंतीच्या असतात. शौचाच्या साध्या घर्षणानंही त्या फुटतात. रक्त येतं ते तिथून. कधीकधी मोठ्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात आणि चालताना पोटऱ्या भरून येतात. ते दुखणं वयाच्या किंवा साखरेच्या नावावर जमा होतं.

लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला इजा झाली तर पित्तातले क्षार शोषले जात नाहीत, ते पुढं मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जात नाही. आतडं एखाद्या ठिकाणी आवळलं गेलं तर पोट फुगतं, उलट्या होतात. फार थोड्यांच्या बाबतीत गुदाशय किंवा मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं आणि मग मल किंवा लघवी आवरायचा प्रश्नच उरत नाही.

यातलं बरंचसं शेक संपल्यावर काही महिन्यांनी, वर्षा-दोन वर्षांनी सुरू होतं. कधी तर दहा-वीस वर्षांनीही. सगळ्यांना होत नाही आणि सगळ्यांना सारखंही होत नाही. मधुमेह असेल, तंबाखू असेल किंवा पोटाची आधी शस्त्रक्रिया झाली असेल, तर शक्यता वाढते. कारण पिशवी काढली की रिकाम्या झालेल्या जागेत लहान आतडं खाली उतरतं. शस्त्रक्रियेच्या व्रणांना ते चिकटून बसलं तर रोज त्याच वेटोळ्यावर शेक पडतो. म्हणजे ज्या दवाखान्यानं मावशीची पिशवी न तपासता काढली, त्यानं तिचा कॅन्सर तर झाकलाच, पण पुढच्या शेकात तिच्या आतड्याची जोखीमही वाढवून ठेवली. हा दोष शेकाच्या माथी जातो, किंवा नशिबाच्या. त्या दवाखान्याच्या माथी तो कधीच जात नाही.

आता त्या अडीच वर्षांकडे येते.

मावशीनं रक्ताबद्दल सांगितलं नाही, कारण तिला वाटलं कॅन्सर परत आला. पुन्हा शहर, पुन्हा कर्ज. मग ती एकटीच बाजारच्या गावी डॉक्टरकडे गेली. त्यांनी मूळव्याध सांगितली. गोळ्या झाल्या, चूर्ण झालं, शेवटी मूळव्याधीच्या एका शिबिरात तिला रबर बँड बांधला गेला. "पूर्वी काय आजार झाला होता का?" हा प्रश्न शिबिरात कुणी विचारला नाही. शेक घेतलेल्या गुदाशयावर अशी ढवळाढवळ करायची नसते. तिथं रक्तपुरवठाच कमी असतो, जखम भरत नाही, चिघळते. तिथला तुकडा तपासणीला काढतानाही जाणकार डॉक्टर दहा वेळा विचार करतात. मावशीची जखम चार महिने भरली नाही. तिचं हिमोग्लोबिन पाचवर आलं तेव्हा माझ्या आईला कळलं, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात मी, एमए करणारी भाची, तिला घेऊन शहरात गेले.

तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि दहा मिनिटांत सांगितलं, हा शेकाचा उशिरा दिसणारा परिणाम आहे, कॅन्सर नाही. तीन वेळा बोलावून त्यांनी त्या फुटणाऱ्या रक्तवाहिन्या आरगॉन वायूच्या साहाय्यानं जाळून बंद केल्या. रक्त थांबलं. मावशीनं परतीच्या एसटीत मला विचारलं, "हे त्यांना आधीच माहीत व्हतं?" मी हो म्हटलं. "मग सांगितलं का न्हाई?"

या प्रश्नाचं उत्तर शोधतच मी इथवर आले आहे.

उत्तराचा एक भाग व्यवस्थेच्या हिशेबात आहे. कॅन्सरच्या उपचाराचं यश मोजलं जातं ते मुख्यतः पाच वर्षं जगली की नाही, यावर. आयुष्मान भारत ही योजना २०१८ मध्ये आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच. त्याचा उपयोग झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण ती योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ओपीडी तिच्यात येत नाही आणि डिस्चार्जनंतरचा खर्च पंधरा दिवसांपर्यंतचा धरला जातो. पंधरा दिवस! जो त्रास दोन वर्षांनी सुरू होतो त्याला या हिशेबात जागाच नाही. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट फुकट देते, ही मोलाची सवलत आहे. पण आधी कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं ना, की हे रक्त दाखवायला पुन्हा त्याच गाडीत बसायचं आहे.

उत्तराचा दुसरा भाग जातीत आहे, आणि तो मला जास्त छळतो.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा भारतातल्या बायकांमधला दुसऱ्या क्रमांकाचा कॅन्सर. दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नव्या बायकांना तो होतो आणि पाऊण लाखाहून जास्त मरतात. तो एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि ते शोधून काढणाऱ्या हाराल्ड झुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. तपासणीनं तो वेळेत सापडतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरातल्या दोनही नाहीत. तरी आपल्याकडच्या जनजागृतीचा सूर काय असतो? स्वच्छता पाळा. मावशीला उपचारादरम्यान एका समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, "तुम्ही लोक अंगाची स्वच्छता ठेवत नाही, म्हणून हे होतं." तुम्ही लोक. या दोन शब्दांचा अर्थ मावशीला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

ज्या बाईला कॅन्सर होतानाच अस्वच्छ ठरवलं गेलं, तिनं दोन वर्षांनी जाऊन कसं सांगावं की आता माझं लुगडं भरतं?

इथं मला आपल्याच घरात डोकवावंसं वाटतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले. नीट लुगडं नेसा, स्वच्छ राहा, जातीची ओळख सांगणाऱ्या खुणा अंगावरून उतरवा, असं त्यांचं सांगणं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं होतं. आमच्या आज्यांनी ते सांगणं शब्दशः पाळलं. आमच्या वस्तीतली घरं सारवलेली, भांडी लखलखीत, लुगडी धुवट. घाणीत ढकललेल्या समाजानं स्वच्छता हाती घेतली ती स्वाभिमान म्हणून, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या स्वाभिमानाच्या मापात ज्या बाईचं शरीरच बसेनासं होतं, तिचं काय? मावशीला वास येईल अशी भीती वाटे. रविवारच्या वंदनेला ती आधी दाराशी बसू लागली, मग यायचीच बंद झाली. सहा डिसेंबरला दादरला जाणं तिनं सोडलं. वस्तीत कुणी तिला वाईट बोललं नाही. कुणी विचारलंही नाही. आपण ज्याला लाज म्हणतो ती मनूनं घडवलेली लाज आहे, हे आपल्याला भाषणात कळतं. शेजारच्या घरातली बाई तीन महिने विहारात दिसली नाही, हे मात्र लक्षात येत नाही.

रुग्णालयातली एक आठवण सांगते. मावशीची तपासणी व्हायची होती, पोट साफ व्हायचं औषध दिलं होतं, आणि संडासापर्यंत पोचायच्या आत तिचं झालं. वॉर्डातल्या बायकांनी नाकाला पदर लावला. नर्स ओरडली. साफसफाईच्या मावशी आल्या, त्यांनी फरशी पुसली, मग माझ्या मावशीचे पाय धुतले. हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, इथं सगळ्यांचंच होतं. लाजू नका. जुन्या धोतराचा कपडा ठेवा, मऊ असतो, सोलत नाही." त्या दिवसापर्यंत या त्रासाबद्दल मावशीला मिळालेला हा पहिला उपयोगी सल्ला. तो देणाऱ्या बाईंचा समाज कोणता, हे मी विचारलं नाही. रुग्णालयातला मैला कुणी उचलायचा हे या देशात अजून कुठून ठरतं, ते आपण जाणतो. २०१३ चा कायदा हातानं मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालतो, पण घाण कुणाकडे सोपवायची याची सवय कायद्यानं मोडत नाही.

हैदराबादेत संशोधनादरम्यान मला आणखी एक बाई भेटल्या. ठेकेदाराकडे रस्ते झाडायचं काम. पहाटे पाचला हजेरी, दुपारपर्यंत रस्त्यावर. त्यांनाही शेकानंतर जुलाबाचा त्रास. रस्त्यावर बायकांसाठी संडास नाही. त्यांनी काढलेला उपाय असा: आदल्या दिवशी दुपारनंतर काही खायचं नाही, म्हणजे सकाळी पोट रिकामं. माझं तेलुगू मोडकं, म्हणून मी तीनदा विचारून खात्री केली. तेच म्हणाल्या. सगळ्या शहराची घाण उचलणारी बाई स्वतःच्या पोटातल्या घाणीच्या भीतीनं रोज उपाशी झोपते. पित्ताच्या क्षारांमुळे होणाऱ्या जुलाबावर औषध असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. नंतर त्यांना तपासणीला नेलं. त्या औषधानं त्यांना पुष्कळ फरक पडला.

म्हणून मला वाटतं, या आजाराची तीव्रता फक्त शेकाच्या मात्रेवर ठरत नाही. घरात संडास आहे की टमरेल घेऊन परसाकडं जायचं, पाणी नळाला येतं की डोक्यावरून, कामावर खाडा चालतो की नाही, यावरही ती ठरते. त्याच सर्वेक्षणात देशातली १९ टक्के घरं संडासाविना होती. ज्या बाईच्या खोलीला लागून संडास आहे तिला दिवसातून आठदा जावं लागणं म्हणजे त्रास. जिला कोपीतून उठून उसाच्या फडात जावं लागतं, रात्री, तिला तेच आठदा म्हणजे रोजगार बुडणं, भीती आणि बदनामी. जखम एकच, पण तिची किंमत जात पाहून वसूल होते. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीचे अहवाल मी चाळले आहेत. त्यांत वय आहे, अवयव आहे, प्रदेश आहे. जात नाही. जी गोष्ट मोजलीच जात नाही तिच्यासाठी पैसा कोण मागणार?

उपाय नाही असं अजिबात नाही, आणि राग येतो तो याचाच. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ३०० बायकांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्या शस्त्रक्रियेनंतर शेक घ्यावा लागलेल्या बायका होत्या, म्हणजे मावशीसारख्याच. जुन्या पद्धतीच्या शेकानंतर तीन वर्षांत मध्यम किंवा त्याहून जास्त आतड्याचा त्रास ४२ टक्के बायकांना झाला. आतडं वाचवून, रोज चित्र पाहून, नेमका दिला जाणारा शेक घेतलेल्यांमध्ये तो २१ टक्क्यांवर आला. त्रास निम्मा. हे ज्ञान परदेशातून आणायचं नाही, ते इथंच, आपल्या बायकांच्या शरीरांवरून मिळालेलं आहे. ते तंत्र गरजेच्या प्रत्येक बाईपर्यंत पोचवणं, हा आता पैशाचा आणि इच्छेचा प्रश्न उरला आहे.

दुसरी गोष्ट तर आणखी स्वस्त आहे. २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला. ओटीपोटाच्या शेकानंतर आतड्याचा त्रास असलेल्या रुग्णांसाठी तिथं पायरीपायरीची एक पद्धत लिहून काढली होती: कुठलं लक्षण, कुठली तपासणी, कुठलं औषध. त्या पद्धतीनं काम करणाऱ्या प्रशिक्षित नर्सकडून रुग्णांना जो आराम मिळाला, तो तज्ज्ञ डॉक्टरकडून मिळालेल्या आरामापेक्षा कमी नव्हता. नर्स! म्हणजे यासाठी प्रत्येक तालुक्याला मोठा डॉक्टर लागत नाही.

मग आपण काय मागायचं? माझ्या परीनं यादी करते.

शेक संपल्यावर प्रत्येक बाईला तिच्या भाषेत एक कार्ड मिळावं. शेक कुठं आणि किती दिला, पुढं कोणते त्रास होऊ शकतात, आणि ठळक अक्षरात, 'या व्यक्तीच्या ओटीपोटावर शेक झाला आहे. मूळव्याधीचा कोणताही उपचार किंवा शस्त्रक्रिया कॅन्सर रुग्णालयाला विचारल्याशिवाय करू नये'. मावशीकडे असं कार्ड असतं तर शिबिरातला तो रबर बँड टळला असता.

आशाताई आणि उपकेंद्रातल्या नर्सनं शेक घेतलेल्या बाईला दर काही महिन्यांनी चार साधे प्रश्न विचारावेत: रक्त जातं का, रात्री शौचाला उठावं लागतं का, आवरता येत नाही असं होतं का, या त्रासामुळे काही करायचं सोडलंय का. यांतल्या एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर पुढं पाठवावं, कारण रक्त शेकामुळेच आहे की दुसरं काही, हे तपासूनच ठरवायचं असतं.

सरकारी योजनांत उशिरा दिसणाऱ्या त्रासाची तपासणी, औषधं आणि प्रवास धरला जावा, आणि त्याची मुदत दिवसांत नको, वर्षांत हवी. रक्तवाहिन्या जाळून बंद करण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी.

न तपासता पिशव्या काढणाऱ्या दवाखान्यांचा हिशेब फक्त गर्भाशयापुरता मांडू नये. ऊसतोडीच्या तळावर आणि सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी संडास आणि पाणी, ही आरोग्याची मागणी म्हणूनही मांडली जावी.

हे सगळं एका बाईच्या खाजगी दुखण्यासाठी समाजानं का भरावं, असं कुणी विचारलं तर मला १९२८ आठवतं. मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मजूर बाईच्या विश्रांतीचा खर्च मालकानं आणि सरकारनं उचलावा अशी बाजू घेतली होती. बाईच्या शरीराचा भार तिच्या एकटीच्या मजुरीतून वसूल करायचा नसतो, हा विचार आपल्या चळवळीत शंभर वर्षं जुना आहे. तो आपण बाळंतपणापर्यंत नेला. त्याच्या पुढं, पिशवी आणि आतड्यापर्यंत, न्यायचा राहिला आहे.

शेवटी एक हिशेब द्यायचा राहिला. मावशी आता ऊसतोडीला जाऊ शकत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बारा-चौदा तासांचा प्रवास, वाटेत थांबायची सोय नाही, फडावर आडोसा नाही. ती घरी राहिली तेव्हा कोयता मोडला. उचल तर फेडायची होतीच. म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या जागी तिची मुलगी गेली, माझी मावसबहीण, नववीत होती. परत आली ती सहा महिन्यांनी. पुन्हा शाळेत गेली नाही. मागच्या वर्षी मी तिला मुक्त विद्यालयातून दहावीचा फॉर्म भरायला सांगितलं तर हसली, म्हणाली, "ताई, आता काय शिकू? तू शिकतीयस ना आमच्यावर."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. फाईलच्या शेवटच्या पानावर 'आजाराचा पुरावा नाही' असं लिहिलेलं आहे. पुरावा माझ्या बहिणीच्या नववीच्या अर्ध्या कोऱ्या वह्यांमध्ये आहे. तो कुठल्या खात्यात जमा करायचा, ते सरकारनं सांगावं. आणि आपणही आपल्या वस्तीत, विहारात, महिला मंडळात एकदा डोळे उघडून पाहावं: दाराशी बसणारी, लवकर उठून जाणारी, हल्ली दिसेनाशी झालेली बाई कोण आहे? तिला जाऊन विचारावं. पहिला प्रश्न आपण विचारला तर तिची अडीच वर्षं वाचतील.

जय भीम.